गळती नसलेला अपघात: गॅस गिझर आणि बंद न्हाणीघराचे एक प्रकरण

पुण्यातील एका चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्थेत, दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत, जानेवारीतल्या एका सकाळी महाविद्यालयात शिकणारी मुलगी अंघोळ करताना बेशुद्ध पडली. ती वाचली आणि पुढे पूर्ण बरीही झाली, त्यामुळे या घटनेची कुठे बातमी झाली नाही. संस्थेच्या व्यवस्थापन समितीने गिझर आणि न्हाणीघर यांची तांत्रिक पाहणी करण्यास सांगितल्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरात आजी, आई-वडील आणि मुलगी अशी चार माणसे. थंडीची लाट असल्याने घराच्या सगळ्या खिडक्या रात्रीपासून बंद होत्या. आजी नेहमीप्रमाणे आधी बादली भरून घेऊन, गिझर बंद झाल्यावर, दार जरासे लोटून अंघोळीला बसल्या. त्यांना कधीच काही त्रास झाला नव्हता. त्यांच्यानंतर आईने शॉवरखाली केस धुतले. बाहेर आल्यावर त्यांचे डोके जड झाले होते, परंतु सुट्टीच्या दिवशी त्यांचे डोके दुखायचेच आणि ते पित्ताचे आहे असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले होते. आई बाहेर आल्या आणि पाठोपाठ मुलगी आत गेली. मधल्या वेळेत न्हाणीघराचे दार उघडे राहिले असेल तर जेमतेम एखादे मिनिट.

पाऊण तासाच्या आत लागोपाठ झालेल्या या अंघोळींतली शेवटची अंघोळ संशयास्पद वाटली ती आजींना. देवघर न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे. पूजा करताना त्यांच्या लक्षात आले की पाण्याचा आवाज एकसारखा येतो आहे. अंगावर पाणी घेणारा माणूस हलतो, वळतो, मग्गा ठेवतो, तसा त्या आवाजात कुठलाही बदल होत नव्हता. ‘‘अगं, किती वेळ पाणी सोडलंयस?’’ या प्रश्नाला उत्तर आले नाही, दुसऱ्या हाकेलाही आले नाही, तेव्हा त्यांनी मुलाला ओरडून बोलावले. वडिलांनी खांद्याने दोन धक्के दिले, आतल्या कडीचे स्क्रू उपटून आले आणि दार उघडले. त्यांनी आधी नळ बंद केला, त्यामुळे गिझर विझला, आणि मुलीला ओढत बाहेरच्या खोलीत गॅलरीच्या दाराशी आणले. आईने गॅलरी उघडली. काही मिनिटांत मुलगी हलली, तिला उलटी झाली, आणि आपण कुठे आहोत हे तिला बराच वेळ उमगत नव्हते.

समोरच्या सदनिकेतले काका धावत आले. त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि कोणीही विजेचे बटण दाबू नये असे सांगितले. गॅस म्हटल्यावर असे वागणे योग्यच आहे आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र तेथूनच सगळ्यांच्या डोक्यात ‘गॅस गळला’ ही कल्पना पक्की बसली आणि पुढचा आठवडाभर तपास भलत्याच दिशेने चालला.

घरात करोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. त्यावर ९८ आकडा आला, तेव्हा सर्वांना हायसे वाटले. परीक्षेसाठी जागरण, उपाशीपोटी अंघोळ, आलेली चक्कर, असा अर्थ लावून लिंबू सरबत करण्याची तयारी सुरू झाली होती. नशिबाने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो गिझर कशावर चालतो हा, आणि उत्तर मिळताच मुलीला ताबडतोब रुग्णालयात न्यायला आणि आईचेही रक्त तपासून घ्यायला सांगितले.

रुग्णालयात तपासलेल्या रक्तात मुलीच्या हिमोग्लोबिनपैकी २७ टक्के, आणि आईच्या ९ टक्के, कार्बन मोनॉक्साइड या, इंधन अर्धवट जळल्याने होणाऱ्या विषारी वायूने व्यापलेले आढळले. धूम्रपान न करणाऱ्या माणसात हे प्रमाण साधारणपणे २-३ टक्क्यांच्या आत असते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे हवेतले त्याचे अल्प प्रमाणही रक्तात साठत जाते. साधा ऑक्सिमीटर येथे फसवतो, कारण तो रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू धरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लालभडक दिसते. ज्या आकड्याने घरातल्यांना धीर दिला, तो आकडा या विषबाधेत निरर्थक असतो. साध्या हवेत रक्तातले हे प्रमाण निम्मे व्हायला ४ ते ५ तास लागतात, तर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून भरपूर प्राणवायू दिल्यास सुमारे एक ते दीड तास. मुलीला तोच उपचार मिळाला. काही रुग्णांत बरे वाटल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यातला तोल जाणे, स्वभावातला बदल अशी लक्षणे उमटतात, म्हणून तिला पुढेही तपासणीला बोलावत राहिले. तसे काही झाले नाही.

पहिली तपासणी

घटनेच्या दुसऱ्या दिवशी गॅस जोडणी पाहणारा मेकॅनिक आला. त्याने रेग्युलेटर, रबरी नळी आणि गिझरचा सांधा यांवर साबणाचे पाणी लावले. कुठेही बुडबुडा आला नाही. त्यानंतर गिझर दुरुस्त करणारा आला. त्याने दार उघडे ठेवून नळ सोडला, ज्योत निळी असल्याचे सर्वांना दाखवले आणि गिझर ‘ओके’ असल्याची पावती दिली. या दोन्ही माणसांनी आपापले काम नीट केले होते आणि त्यांचे निष्कर्षही खरे होते. गॅस कुठेच गळत नव्हता. संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर मात्र यावरून असा निरोप फिरला की गिझरमध्ये दोष नाही, मुलीलाच अशक्तपणा असावा.

आपल्याकडे गॅसच्या सुरक्षिततेचे सारे शिक्षण गळतीभोवती उभे आहे. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, काडी ओढू नका, बटण दाबू नका, १९०६ या क्रमांकावर फोन करा. हे सर्व अत्यावश्यक आहे, परंतु ते न जळलेल्या गॅससाठी आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. गॅस जळतो तेव्हा हा पदार्थही त्या ज्योतीत जळून जातो. म्हणजे ज्या धोक्याने या मुलीला पाडले, त्याला वास नव्हता, रंग नव्हता, धूर नव्हता, आणि साबणाच्या पाण्याने तो कधीच सापडला नसता. दोष गिझरच्या सांध्यात न शोधता खोलीत शोधायला हवा होता.

न्हाणीघर

ही इमारत १९८० च्या दशकातली. मूळ न्हाणीघर ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद; त्यावर सामानाचा माळा काढल्यामुळे आतली उंची ७ फूटच राहिली आहे. बांधले तेव्हा त्याला हवा येण्याच्या तीन वाटा होत्या. खिडकीला तिरप्या काचांच्या पट्ट्या होत्या, त्या पूर्ण मिटल्या तरी फटी राहत. खिडकीच्या वर एक्झॉस्ट पंख्यासाठी गोल भोक होते. आणि लाकडी दार खालून पाण्याने कुजून उंबऱ्यापासून दोन बोटे वर आले होते.

गेल्या काही वर्षांत या तिन्ही वाटा बंद झाल्या आणि प्रत्येक वेळी कारण अगदी रास्त होते. कबुतरांनी पंख्याच्या भोकात घरटे केले, पंखा जाम झाला, म्हणून तो काढून तेथे प्लायवूडचा तुकडा ठोकला. काचांच्या पट्ट्यांतून डास आणि गार वारा येतो म्हणून तेथे सरकती खिडकी बसवली, आणि थंडीत ती बंदच राहू लागली. कुजलेले दार काढून फायबरचे नवे दार लावले व बाहेर पाणी येऊ नये म्हणून ग्रॅनाइटचा उंचवटा केला. आता दार मिटले की खाली कागद सरकवता येत नाही. मी सरकवून पाहिला. हे काम सुतार, खिडकीवाला आणि फरशीवाला अशा तीन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी केले. त्यांपैकी कोणालाही आत गॅस गिझर आहे याचा विचार करण्याचे कारण नव्हते आणि घरातल्यांनाही तो संबंध कोणी सांगितला नव्हता.

गिझर दर मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा, चिमणी नसलेला. जळून झालेला वायू तो वरच्या जाळीतून त्याच खोलीत सोडतो. त्याला वीस मिनिटांनी आपोआप विझण्याची सोय होती आणि कुटुंबाचा त्यावर मोठा भरवसा होता. पण हे घड्याळ नळ बंद करून पुन्हा उघडला की नव्याने सुरू होते. आईची अंघोळ संपली आणि मुलीची सुरू झाली तेव्हा गिझरच्या हिशेबाने सारे शून्यापासून सुरू झाले होते, खोलीच्या हिशेबाने मात्र तसे नव्हते. खोलीतला प्राणवायू कमी झाला की ज्योत तोडणारा संवेदक काही मॉडेलांत असतो. या गिझरमध्ये तो नव्हता.

आवरण काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. बर्नरच्या तोंडाशी, जेथे गॅसबरोबर हवा ओढली जाते, तेथे कपड्यांचे बारीक तंतू आणि कोळ्याचे जाळे यांचा राखाडी थर होता, आणि पाण्याला उष्णता देणाऱ्या वरच्या तांब्याच्या पातळ पंखांच्या फटींत काजळी धरली होती. खरेदी केल्यापासून गिझर उघडून साफ केलेला नव्हता. बॅटऱ्या तेवढ्या बदलल्या जात. पंखांच्या फटी बुजल्या की जळलेला वायू सहज वर निघत नाही, ज्योतीला हवा कमी पडते, आणि कमी हवेतली ज्योत आणखी काजळी धरते.

ज्योतीचे गणित

६ लिटर पाणी मिनिटाला २५ अंशांनी तापवायचे तर सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. गिझरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर १२ किलोवॅटच्या आसपास गॅस जाळावा लागतो. म्हणजे मिनिटाला अंदाजे १६ ग्रॅम एलपीजी. एक ग्रॅम एलपीजी पूर्ण जळायला साधारण १३ लिटर हवा लागते. तेव्हा हा गिझर मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा खातो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, म्हणजे अंघोळीला जाताना मुलीबरोबर आणखी पंचवीस-तीस माणसे त्या खोलीत कोंडली असावीत, असा तो प्रकार.

माळ्याखालच्या त्या न्हाणीघरात एकूण हवा ४,७५० लिटर. बाहेरून काहीच आत आले नाही असे धरले, तर बारा मिनिटांत निम्मी हवा ज्योतीतून जाऊन येते. सगळी हवा संपण्याची वाट पाहावी लागत नाही. हवेतला प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, की ज्योत नीट जळेनाशी होते, आणि कार्बन डायऑक्साइड होण्याऐवजी अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्यात गरम पाण्याची वाफ भरलेली असते, त्यामुळे गुदमरल्यासारखे वाटले तरी माणूस ते वाफेवर ढकलतो. भोवळ येऊ लागते तेव्हा पायांतले बळ आधीच गेलेले असते. कडी वर सरकवण्याइतकी हालचालही होत नाही. बंद न्हाणीघरात दोघेजण एकत्र बळी पडल्याच्या बातम्या, विशेषतः होळीचा रंग घालवण्यासाठी अंघोळ लांबते त्या दिवसांत, याच कारणाने येतात.

प्रत्यक्ष चाचणीसाठी आम्ही कार्बन मोनॉक्साइड मोजणारे नोंदणी यंत्र न्हाणीघरात छातीच्या उंचीवर टांगले, दार लावून बाहेरच्या वाहिनीवरून नळ चालू ठेवला आणि सर्वजण बाहेर थांबलो. दार उघडे असताना यंत्राने नगण्य आकडा दाखवला होता आणि ज्योत, पावतीत लिहिल्याप्रमाणे, निळीच होती. दार मिटल्यावर पहिली काही मिनिटे फारसे घडले नाही. त्यानंतर आकडा चढू लागला तो चढतच गेला, आणि दहाव्या मिनिटाच्या पुढे दशलक्षात ४०० भागांच्या वर गेल्यावर आम्ही बाहेरून गॅस तोडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार १५ मिनिटांसाठी हवेत दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्षात सुमारे ८७ भाग, यापेक्षा अधिक प्रमाण नसावे. खिडकीच्या काचेतून पाहता ज्योतीची टोके तोवर पिवळी होऊन डोलू लागली होती. दुरुस्तीवाला दार लावून दहा मिनिटे थांबला असता तर त्यालाही हेच दिसले असते, फक्त बाहेरून.

येथे जुन्या बंबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तांब्याच्या बंबात मधोमध विस्तवाची नळी असे, लाकडे, गोवऱ्या, कोळसा काहीही जळे आणि कार्बन मोनॉक्साइड गिझरपेक्षा कितीतरी अधिक होई. तरी तो परसात, मागच्या ओसरीवर किंवा उघड्या मोरीत असे, आणि धुराने डोळे चुरचुरले की माणूस आपसूक बाजूला होई. याउलट बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरीसाठी निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची पद्धत होती, आणि काही घरांत ती अजून आहे. फुललेल्या निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात बंद खोलीत तोच सर्वांत घातक. थंड हवेच्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणाऱ्या पर्यटकांनाही हेच लागू होते.

केलेले बदल

कुटुंबाची पहिली सूचना होती की पंखा पुन्हा बसवून गिझर तेथेच ठेवावा. मी तिला सहमती दिली नाही. पंखा हवा बाहेर टाकतो, पण तितकीच हवा आत येण्यास वाट नसेल तर तो नुसता घोंगावतो. खाली जाळी आणि वर पंखा अशी जोडी केली तरी ती कोणाच्या तरी बटण दाबण्यावर आणि वीज असण्यावर अवलंबून राहते. चिमणीचा गिझर घ्यावा, तर चिमणी थेट इमारतीबाहेर काढावी लागते आणि त्याच खोलीत जोराचा पंखा असेल तर तो जळलेला वायू चिमणीतून उलटा खेचू शकतो. त्यामुळे गिझर घराबाहेरच्या मोकळ्या हवेत आणि न्हाणीघरात फक्त गरम पाण्याचा नळ, हाच उपाय धरला. स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीला नुसती लोखंडी जाळी आहे. गिझर साफ करून तेथे टांगला, लांबलचक रबरी नळी काढून टाकली आणि पाण्याची वाहिनी आतल्या भिंतीतून नेली. नळाला गरम पाणी यायला आता थोडा वेळ लागतो, अशी आजींची तक्रार आहे. फायबरच्या दाराला खालून जाळी बसवली आणि कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारे कुलूप लावले.

दरम्यान संस्थेतल्या अनेकांनी धास्तीने गॅस गळतीचे अलार्म मागवले होते आणि काहींनी ते न्हाणीघराच्या छताजवळ लावलेही. हा खर्च वाया गेला. ती यंत्रे न जळलेला एलपीजी ओळखतात, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म स्वयंपाकघरात जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो. तो वायू हवेइतक्याच वजनाचा असल्यामुळे अलार्म श्वासाच्या उंचीवर लावलेला बरा, आणि आतला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो म्हणून त्यावर छापलेली मुदत पाहावी लागते.

समितीने नंतर सर्व सदनिकांची पाहणी करून घेतली. बहुतेकांनी गिझर बाहेर काढला किंवा विजेचा घेतला. अडचण राहिली ती दोन प्रकारच्या घरांची. काहींनी ड्राय बाल्कनीच सरकत्या काचांनी बंद करून स्वयंपाकघरात घेतली आहे. तेथे गिझर हलवणे म्हणजे धोका एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत नेणे, म्हणून एका बाजूची काच कायमची काढून तेथे जाळी लावल्याशिवाय त्यांना परवानगी नाकारली. दुसरी घरे भाड्याची. तेथे राहणारी मुले खर्च करायला तयार नाहीत आणि मालक परगावी. त्यांच्यासाठी तूर्त एवढेच ठरले आहे की दार उघडे ठेवून बादल्या भरायच्या, नळ बंद करून गिझर विझल्याची खात्री करायची, आणि मगच दार लावायचे. शॉवरची तोटी समितीने काढून घेतली आहे आणि भाडेकराराचे नूतनीकरण येईल तेव्हा गिझर बाहेर असल्याशिवाय संस्था ना हरकत पत्र देणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे.